उत्तरेकडे जाणारा एक बाण

ताबोरा,
११ जानेवारी १९८७

दोतो,

हे पत्र मायेने लिहिलेलं नाही, कामासाठी लिहिलंय. आधीच सांगितलेलं बरं.

पाठ्यपुस्तकाच्या समितीने माझ्याकडून एक धडा मागितला आहे: 'बांटू भाषा आणि त्यांचा प्रसार'. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं भाषा शिकवते म्हणून कोणीतरी माझं नाव पुढे केलं. ताबोऱ्यातले शब्द माझे मलाच माहीत आहेत, किनाऱ्यावरचे आणि तळ्यांकडचे मिळाले, दक्षिणेकडचे मात्र नाहीत. तू कापिरी म्पोशीच्या रेल्वे यार्डात असतोस आणि तिकडचीच बायको केली आहेस, एवढं कानावर आलंय. गार्डांना तोंड असतं. तर बायकोला विचारून तिच्या भाषेतले एवढे शब्द कळव: माणूस, माणसं, मूल, गाय, तीन, मरणे.

घरचं सांगायचं तर बाबा पडून असतात. पोटात गाठ आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात, आणि डॉक्टर कधी 'बघू' म्हणतात ते आपल्याला आईच्या वेळेपासून ठाऊक आहे. कोंडो म्हातारा रोज सकाळी पितळेच्या किटलीतून कॉफी घेऊन येतो, बाबांच्या उशाशी बसतो आणि 'अरे म्होजा' म्हणत त्यांना शिव्या घालतो. बाबांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कोंडोचा पुढचा दात अजून नाही.

तू बायकोला काय सांगितलं असशील कोण जाणे. माझ्या बाजूने लिहून ठेवते, हवं तर तिला वाचून दाखव. आपण न्याम्वेझी, कोंडो झारामो. आपले पणजे किनाऱ्यापर्यंत हस्तिदंत वाहून न्यायचे आणि त्याचे पणजे वाटेत त्यांना पाणी, निवारा आणि टोमणे द्यायचे, तेव्हापासून या दोन जमाती एकमेकांचे थट्टेचे सोयरे. थट्टेचा सोयरा तुझी टोपी पळवेल, तुझ्या बापाला बोकड म्हणेल. त्याच्यावर रागवायचं नाही, हा नियम. आणि मयताच्या घरी तर त्याने यायचंच, मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. आईच्या दफनाला कोंडो आईचा कांगा नेसला, तिच्यासारखा कमरेवर हात ठेवून ओरडला, "माझी उगाली कोणी करपवली रे?" सगळे रडता रडता हसले. तू उठलास आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारलास.

त्याला अकरा वर्षं झाली. बाबांची अट तीच आहे: दोतोने कोंडोसमोर उभं राहावं, कोंडो जे बोलेल ते ऐकून घ्यावं आणि हसावं. मग घरात यावं. तुझा पत्ता मी बाबांसमोरच गार्डाला विचारला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, पण गार्डाचं सांगून होईपर्यंत खोकला मात्र दाबून धरला.

शब्द लवकर पाठव. धडा मार्चअखेर द्यायचा आहे.

कुल्वा

ताबोरा,
१ मार्च १९८७

दोतो,

शब्द मिळाले. उमुंटू, अबांटू, उमवाना, इंगोम्बे, तातू, फ्वा. अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकरल्यासारखं. खाली तू एकच ओळ लिहिलीस, "गाठ केवढी आहे?" संत्र्याएवढी होती. आता ते फळ सोडून दुसरं शोधावं लागेल.

तुझ्या शब्दांनी माझं काम सोपं केलं. माणसाला आपण 'मुन्हू' म्हणतो, किनाऱ्यावर 'म्टू', तुझ्याकडे 'उमुंटू', अगदी दक्षिणेच्या टोकाला झुलूही 'उमुंटू'च. माणसं म्हटली की 'बांटू'. ते ऐकूनच एका गोऱ्या पंडिताने सगळ्या भाषांना ते नाव देऊन टाकलं. सुमारे पाचशे भाषा आहेत, आणि नाव काय, तर 'माणसं'. तीनला जवळपास सगळीकडे 'तातू'. आपल्या बाजाराचा हमाल तुझ्या बाजारात गेला तर भांडण करण्यापुरतं त्याचं आठ दिवसांत भागेल, असं मी लिहिलं होतं. समितीने ते वाक्य खोडलं.

संध्याकाळी बाबांना मसुदा वाचून दाखवते. वाचला तो असा: चार-पाच हजार वर्षांपूर्वी ही माणसं दूर पश्चिमेला, कामेरूनच्या डोंगरांकडे राहत होती. रताळ्यासारखे कंद लावायची, मासे धरायची. तिथून काही जंगलातून नद्यांच्या काठाने दक्षिणेला गेली, काही पूर्वेला तळ्यांपाशी आली. तिथे ज्वारी भेटली, गुरं भेटली, लोखंड गाळायला आलं. मग आणखी पुढे, आणखी खाली.

बाबांनी डोळे उघडले. "का निघाली?"

मी म्हटलं, "समिती म्हणते, लोकसंख्या वाढली. जमीन पुरेना."

"पहिल्यांदा जो निघाला, त्याला कुठे ठाऊक होती लोकसंख्या? त्याचं बापाशी पटलं नसणार."

कोंडो कप विसळत होता. तो म्हणाला, "बापच तसला असेल. न्याम्वेझी असेल."

"न्याम्वेझी तेव्हा नव्हते," मी म्हटलं.

"मग निघायचं कारणच काय!"

बाबा हसले, मग पोट धरून बराच वेळ तसेच पडून राहिले. मला मात्र त्यांचं पटलं, दोतो. समितीला नकाशा हवा आहे आणि नकाशावर जाड बाण, सैन्य चालून गेल्यासारखे. कोणी चालून गेलं नाही. कोणीतरी घरात भांडलं, एक टेकडी ओलांडून पलीकडे झोपडी बांधली, ज्वारी पेरली. त्याची मुलं त्याच्याशी भांडून आणखी एक टेकडी पलीकडे गेली. भांडताना आई-बापाकडचेच शब्द वापरले, म्हणून भाषा बरोबर गेली. तुझ्यासारख्या लोकांनी अर्धी आफ्रिका बोलती केली. याबद्दल तुला शाबासकी द्यावी की कान पिळावा ते ठरत नाही.

तुझी तिवई अजून चुलीजवळ आहे. कसेले काका परवा तिच्यावर बसले तर बाबांनी त्यांना उठवलं. नुसता हात हलवला.

यायचं असेल तर आता ये.

कुल्वा

ताबोरा,
२९ मार्च १९८७

दोतो,

बाबा गेले. मंगळवारी, सकाळी, कॉफी प्यायच्या आधी. तार केली होती. ती मिळाली असेल असं धरून लिहिते.

सविस्तर सांगायचं ते दफनाचं. आंब्यांखाली, आईशेजारी खड्डा तयार होता. पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं, पेटी उचलायला चौघे वाकले, आणि कोंडो म्हातारा सदरा खोचून खड्ड्यात उतरला. किटली उशाला घेऊन आडवा झाला.

"वा! गारवा आहे," आतून आवाज आला. "म्होजाला कशाला हवं असलं? त्याने जन्मभर उन्हात ओझी वाहिली. त्याला वरच ठेवा, इथे मी राहतो."

लोक हसले. आपल्याकडचा रिवाज तुला सांगायला नको: थट्टेचा सोयरा खड्ड्यात उतरला की त्याने मागितलेलं कबूल केल्याशिवाय पेटी खाली जात नाही, आणि त्याला ओढून काढायचं नाही. कसेले काका काठावर उकिडवे बसले.

"ऊठ रे नारळखाऊ! कोंबडी देतो."

"न्याम्वेझ्यांची कोंबडी म्हणजे नुसती पिसं."

"दोन देतो. पाद्रीबुवा खोळंबलेत."

"त्यांना सांगा, खाली या, जागा आहे."

"अरे मग हवंय काय तुला?"

"माझा दात."

मग कोणीच हसलं नाही.

"अकरा वर्षं शेंगदाणे एका बाजूने चावतोय मी," कोंडो म्हणाला. "दात घेऊन गेलेला कुठाय? दक्षिणेत! न्याम्वेझी डोक्यावर हत्तीचा दात घेऊन समुद्रापर्यंत जाईल, पण थट्टा म्हटली की मान मोडते याची. बोलवा त्याला. इथे येऊन माझ्यासमोर उभा राहू दे. तोवर म्होजा वर आणि मी खाली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काठाशी गेले. तो वर बघत होता, छातीवर हात बांधून, आणि त्याच्या टोपीवर माती पडली होती.

"येईल," मी म्हटलं. "मी शब्द देते."

"तू कोण?"

"त्याच्या आधी जन्मलेली."

"अच्छा! म्हणजे घरातली सगळी अक्कल घेऊन तू आधीच बाहेर पडलीस होय? म्हणूनच त्याच्या वाट्याला मूठ तेवढी उरली." पुन्हा हशा झाला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "केव्हा येईल?"

"ज्वारी कापल्यावर. शोक उठवायच्या दिवशी."

त्याने हात वर केला. "काढा मला. गुडघे दुखतात."

मी आणि काकांनी त्याला ओढून घेतलं. मग बाबांना ठेवलं.

आता तुला कळलं असेल मी काय करून बसले आहे. तुला न विचारता तुझा शब्द दिला. शोक उठल्याशिवाय या घरात ढोल वाजणार नाही, लग्न ठरणार नाही, आम्हाला केस कापता येणार नाहीत. आणि थट्टेच्या सोयऱ्याला उघड्या खड्ड्याशी दिलेला शब्द मोडला तर कोंडोच्या घराशी आपलं नातं संपलं. मग मी मेल्यावर माझ्या दफनाला येऊन लोकांना हसवणार कोण?

ज्वारी जुलैच्या सुरुवातीला निघेल.

कुल्वा

ताबोरा,
१० मे १९८७

दोतो,

तुझं पत्र वाचलं. "मेलेल्यांसमोर माकडचेष्टा मला बघवत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी बघवल्या नाहीत, आता बापाच्या बघू?" तुझं वाक्य चांगलं आहे. धड्यात घालता येत नाही, एवढंच.

मी तुझ्याशी वाद घालत नाही. शाळेतल्या मुलींशी घालून दमते. फक्त धड्यातलं एक सांगते, कारण ते लिहिताना तूच डोळ्यासमोर होतास. दक्षिणेच्या टोकाला आपली माणसं पोचली तेव्हा तिथे आधीची माणसं होती, टाळूला जीभ लावून चटचट आवाज करत बोलणारी. त्यांच्या मुली आपल्यात सुना म्हणून आल्या. सासऱ्याच्या नावातला एकही आवाज सुनेने तोंडातून काढायचा नाही असा तिकडे रिवाज. मग बायका त्या जागी माहेरचे चटचट आवाज घालायच्या. आज ते झुलूंच्या भाषेत पक्के बसलेत. म्हणजे बघ, परकी पोर घरात आली, तिने सासरचा रिवाज पाळला, आणि पाळता पाळता सासरची भाषाच बदलून टाकली. रिवाज माणसाला फक्त बांधूनच ठेवतो असं नाही.

समितीचे गृहस्थ परवा येऊन गेले. टाय लावलेले, सभ्य. म्हणाले, "बाई, बाण कुठे आहेत? मुलांना बाण लागतात." मी बाण काढून देणार आहे. पश्चिमेकडून पूर्वेला, पूर्वेकडून दक्षिणेला. सगळे एकाच दिशेला, घरापासून लांब. ते काढायला बसले की माझा हात जड होतो, हे त्यांना सांगितलं नाही.

कोंडोची कॉफी आता माझ्या दारात येते. बाबांच्या जागी मला शिव्या देतो. काल म्हणाला, "तुझ्या भावाला लिही, मी मेलो तर दात बुडाला म्हणून समजू नको म्हणावं. वसुलीला माझी बायको येईल." मग पायरीवर बसून राहिला, कप रिकामा झाला तरी. बाबांशी बोलायची सवय मोडत नाही त्याची. तुला वाटतं की तो मेलेल्यांवर हसतो. त्याच्याइतकं बाबांसाठी कोणी रडत नाही, पण रडण्याची परवानगी त्याला नाही, दोतो. ती आपल्याला आहे. त्याने हसवायचं असतं.

आणि हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. घरात आता मी एकटी आहे. जन्माला येण्याआधीपासून तू शेजारी होतास. मला तू हवा आहेस.

कुल्वा

ताबोरा,
१९ जुलै १९८७

दोतो,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं गार्डाने सांगितलं. भावजयीने, मुसोंडाने, नेलेला मध सीमेवर कोणी काढून घेतला नाही ना? म्बेयाहून तुम्हाला घेऊन आलेल्या ट्रकची लाल धूळ अजून माझ्या चादरीत आहे. झटकलेली नाही.

त्या दिवशीचं तुला पुन्हा सांगायचं कारण नाही, तू तिथेच होतास. पण तू सगळा वेळ डोळे मिटून, मुठी पाठीमागे बांधून उभा होतास. म्हणून तू न बघितलेलं तेवढं सांगते.

कोंडो घरातून निघाला तेव्हा त्याने बाबांचा खाकी कोट घातला होता आणि त्यांची हॅट. कोट त्याला गुडघ्यापर्यंत आला. तो बाबांसारखा डावा पाय किंचित ओढत आला, बाबांसारखाच दोनदा खोकला. तुझ्या खांद्याला ताण आलेला मला दिसला. मी पुढे सरकले होते, तुझा हात धरायला. आधी सांगितलं नाही.

मग त्याने तुला शिव्या द्यायला सुरुवात केली. रेल्वेच्या रुळावर हगलेली शेळी, बापाच्या आधी म्हातारा झालेला बोकड, वगैरे. सगळ्यात आधी हसलं कोण, तुला आवाजावरून कळलं असेल. मुसोंडा. तिला निम्मंच कळत होतं, तरी पदर तोंडात कोंबून हसत होती. तिच्यामागून आपल्या बायका, मग काका.

आदल्या संध्याकाळी चुलीशी ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. मधे कुठेतरी भेटत होतो. तू का आलास ते तिनेच सांगितलं. मला वाटत होतं माझ्या पत्रांमुळे आलास. इतकी वर्षं भाषा शिकवून मला एवढा तरी गर्व असायचाच. ती म्हणाली, "दफनाचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडेही असेच सोयरे असतात, मयताला येतात, खड्ड्यात उतरतात! हसवायला आलेल्याला तुम्ही मारलंत? कुठल्या रानातले तुम्ही? मला वाटलं होतं चांगल्या घरात पडले." म्हणजे चूल सोडून निघालेल्यांनी नुसते शब्द नेले नाहीत. थट्टेचे सोयरेही नेले बरोबर. तू सगळी वाट पळालास आणि कोंडो तुझ्याआधी तिकडे जाऊन बसलेला. धड्यात हे घालायला उशीर झाला, याचं वाईट वाटतं.

पुढचं. शिव्या संपल्या आणि कोंडो तुझ्यासमोर येऊन थांबला. काहीच बोलेना. तेव्हा तू डोळे न उघडता, मान खाली घालून म्हणालास, "शिकामू." पाया पडतो. लहानाने मोठ्याला रोज म्हणायचा शब्द, पण तो कोंडोला म्हणालास की बाबांना, मला ठाऊक नाही. मला वाटतं तुलाही ठाऊक नसावं.

आणि बाबांच्या आवाजात उत्तर आलं, "मराहाबा." नमस्कार स्वीकारला. मग त्याच आवाजात, बाबा चिडल्यावर बोलायचे तसं, "अरे, उभा काय ठेवलाय त्याला? ती तिवई आणा. कसेले, ऊठ तिच्यावरून, तुझं बूड रुंद झालंय! पोरगा लांबून आलाय, जेवला का ते कोणी विचारलं का?"

तू हसलास. डोळे मिटूनच हसलास, आणि मग ते हसणं राहिलं नाही. तेही ठीक. तुला परवानगी होती.

तू न बघितलेलं हे: हॅट इतकी खाली ओढलेली असूनही कोंडोच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. त्याने ते बाबांच्या बाहीला पुसलं आणि ओरडला, "या घरात धूर फार!" चूल तेव्हा विझलेली होती.

तू गेल्यावर मी त्याला विचारलं. म्हटलं, खरं सांग, शेवटी बाबा असं काही बोलले होते का? जेवला का, लांबून आलाय, असं?

"म्होजा?" तो म्हणाला. "त्याने कधी तोंड उघडलंय? मरेपर्यंत ओझं डोक्यावर ठेवून बसला. हमालाची जात! म्हणून तर आम्ही झारामो ठेवलेत देवाने. तुम्हाला उतरवता येत नाही ते आम्ही उतरवायचं." मग कप पुढे केला. "दात अजून मिळालेला नाही, तेवढं तुझ्या भावाला कळव."

कळवलं.

धडा छापायला गेला. नकाशाबद्दल समितीच्या गृहस्थांचं पत्र आलं होतं. लिहितात, बाई, सगळे बाण खाली दक्षिणेकडे जातात, मग हा एक बारका बाण दक्षिणेकडून वर ताबोऱ्याकडे कसा आला? चुकून राहिला असेल तर काढून टाकतो.

मी उलट उत्तर पाठवलं की चूक नाही. दीडशे वर्षांपूर्वी एन्गोनी लोक दक्षिणेत भांडून उठले आणि मजल दरमजल करत परत वर आले, आपल्या भागापर्यंत. कोणत्याही इतिहासात बघा. त्यांनी बघितलं असावं. बाण राहू दिला.

एन्गोनी आले ते खरंच आहे. पण मी तो बाण काढला तेव्हा माझ्या डोक्यात एन्गोनी नव्हते. तेव्हा मे महिना होता आणि तू 'नाही' म्हणून कळवलं होतंस.

कुल्वा